मालकाला सुट्टी नसते म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत एक साहेब भाषण ठोकून गेले. अंगात कोट, गळ्यात निळं उपरणं. म्हणाले, "नोकऱ्या मागत फिरू नका, नोकऱ्या देणारे व्हा. स्वतःचे मालक व्हा. आणि ध्यानात ठेवा, मालकाला सुट्टी नसते. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, तुम्ही अठरा तास धंदा करा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू? पहिली पाळी मारून आलो होतो, डोकं जड झालेलं, सगळे वाजवतायत म्हणून वाजवल्या.

मग आठवलं, ज्याच्यासाठी हे भाषण होतं तो माझा दोस्त सभेला आलेलाच नाही. मंडपापासून पन्नास पावलांवर त्याचं दुकान. मोबाईल रिपेअरिंग आणि झेरॉक्स. लाऊडस्पीकरवरून सगळं त्याला ऐकू येत होतं. पण उठून येणार कसा? गल्ल्यावर होता. मालक ना तो!

हा माझा दहावीपर्यंतचा बाकावरचा सोबती. आमच्या या अंकाची पहिली तीन मुखपृष्ठं त्याच्या हातची. दोन वर्षांत त्याने एक रेघ काढली नाही. अभ्यासमंडळात येत नाही. भेटला की एकच, "वेळ नाही रे." आम्ही त्याला नावं ठेवली. म्हटलं, पैशाच्या मागे लागला, चळवळ विसरला, बुर्ज्वा झाला. आज त्याबद्दल लिहितोय ते आधी त्याची माफी मागून.

कारण एका रात्री आम्ही दोघांनी हिशेब मांडला. साडेअकरा वाजता, अर्धं शटर खाली ओढून, झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर. गाळ्याचं भाडं गेलं, लाईटबिल गेलं, मुद्रा कर्जाचा हप्ता गेला, सुट्या भागांचे पैसे गेले. महिन्याला हातात राहतात अठरा हजार. ऐकायला बरं वाटतं. आता तास मोजा. सकाळी साडेआठ ते रात्री साडेअकरा, पंधरा तास. महिन्याचे तीस दिवस, सुट्टी नाही. साडेचारशे तास. म्हणजे तासाला चाळीस रुपये.

मी गोदीत कंत्राटदाराच्या टोळीत. लोखंडाची बंडलं, डाळीच्या गोणी, जहाजावर येईल ते. दिवसाला हातात साडेसहाशे पडतात. कागदावर जास्त आहेत, ते कुठे जातात हे मुकादमाला विचारा. आठ तासांची पाळी, तासाला एक्क्याऐंशी रुपये. म्हणजे गोदीतला हमाल तासाला जे कमावतो त्याच्या निम्मं हा 'मालक' कमावतो. तो कागद त्याने बराच वेळ हातात धरला. मग चुरगाळून टोपलीत टाकला आणि म्हणाला, "उद्या सकाळी कॉलेजच्या पोरांचे फॉर्म आहेत, आठलाच उघडायला लागेल."

मित्रांनो, हा खेळ नवा नाही. आपल्या बापजाद्यांनी तो पिढ्यान् पिढ्या सोसला. त्याचं नाव होतं वतन.

महार वतनदार! काय भारदस्त शब्द. वतनदार म्हणजे जणू जमीनदारच. आणि काम काय? गावाचं, पाटलाचं, तलाठ्याचं, सरकारचं. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं. सांगावा न्यायचा, साहेबाच्या घोड्यामागे पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. कामाला तास नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं, तेव्हा त्यांनी हेच सांगितलं की या माणसाला चोवीस तास बांधून घेतलंय, आणि तो घरी नसला तर त्याच्या बापाला, घरातल्या दुसऱ्या कुणाला कामाला जुंपतात. वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यावर.

आता दोस्ताच्या दुकानाकडे बघा. तो तापाने पडला की गल्ल्यावर त्याची बायको. ती स्वयंपाकाला गेली की म्हातारा बाप. वतनाची तऱ्हा आणि ही तऱ्हा यांत फरक काय? फरक आहे, आणि तो मी नाकारत नाही. तिथे हाक मारणारा पाटील होता, इथे हाक मारणारा दिसत नाही. दोस्ताला कुणी शिवी देत नाही, कुणी लांबून पाणी वाढत नाही, आणि ही लहान गोष्ट नाही. पण माणसाला पदवी द्यायची आणि त्याचा वेळ काढून घ्यायचा, ही युक्ती तीच. तेव्हा म्हणाले वतनदार. आता म्हणतात मालक, उद्योजक. मोटारसायकलवर पाठीला चौकोनी पेटी बांधून पावसात भिजणाऱ्या पोराला म्हणतात पार्टनर. पार्टनर! ज्याला ऑर्डरीचा दर ठरवता येत नाही आणि दहा तास झाले म्हणून मोबाईल बंद केला तर दिवसाचा बोनस बुडतो, तो कुणाचा पार्टनर?

जो दुसऱ्याच्या हाताखाली राबतो त्याचे तास कुणी फुकट कमी केलेले नाहीत. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडले तेव्हा कुठे १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी लागली. त्याआधी माणूस मशीनइतकाच चालायचा. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आपल्या पोस्टरवर लिहितात, चौदा तासांचे आठ तास केले. तसं लिहायची गरज नाही. आठवड्याला सहा तास, लाखो माणसांचे, हा आकडा खरा आहे आणि पुरेसा मोठा आहे. खऱ्या गोष्टीला फुगवलं की शत्रूला टाचणी मिळते.

मग आलं १९४८. त्या एका सालात कारखान्यांचा नवा कायदा आला, आम्हा गोदीवाल्यांचाही आला. त्याआधी गोदीच्या गेटावर माणसं गुरांसारखी उभी राहायची आणि मुकादम बोट दाखवील तो आत. कायद्याने नाव नोंदलं गेलं, पाळी ठरली. ती कागदावरून धक्क्यावर आणली पी. डिमेलोंसारख्यांच्या युनियनने. गोदीलगतच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, रोज त्यावरूनच कामाला जातो. आता कंत्राटदार आलेत आणि आम्ही पुन्हा गेटावर उभे आहोत, पण पाळी अजून पाळीच आहे. आठ तास झाले की मी हातमोजे काढतो.

आणि त्याच १९४८ साली मुंबईत दुकानांचा कायदा आला, ज्याला लोक गुमास्ता म्हणतात. यातली गंमत फार थोड्यांना ठाऊक आहे. हा कायदा नुसता नोकरांचे तास बांधत नव्हता. दुकान कधी उघडायचं, कधी बंद करायचं आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद ठेवायचं, हेही सांगत होता. दादरला सोमवारी बाजार बंद, हे आपल्या आयांना तोंडपाठ होतं. सगळी दुकानं बंद, म्हणून कुणाचंच गिऱ्हाईक तुटत नव्हतं.

असाच कायदा पंजाबातही होता. तिथला एक दुकानदार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. म्हणाला, माझ्याकडे नोकर नाही, मी आणि माझ्या घरचे मिळून दुकान चालवतो, मला बंदचा दिवस कशाला? १९६० साली कोर्टाने त्याला परत पाठवलं. स्वतःच्या दुकानात राबणाराही माणूसच आहे, त्याच्या तब्येतीची काळजी समाजाने केली तर तो अन्याय होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. वाचून मी चाट पडलो. मालकालाही विश्रांती लागते हे देशाच्या वरिष्ठ कोर्टाने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मान्य केलं, आणि आमच्या वस्तीत निळं उपरणं घातलेला माणूस सांगतो, मालकाला सुट्टी नसते!

तो १९४८ चा कायदा महाराष्ट्र सरकारने २०१७ साली मोडीत काढला. नवा आला. दुकानं वर्षाचे ३६५ दिवस, दिवसरात्र उघडी ठेवायला मोकळीक. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला त्यातली बहुतेक कलमं लागूच नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने आणखी पुढची पायरी गाठली. दहाच्या जागी वीस माणसांची अट, दुकानात दिवसाचे नऊचे दहा तास, कारखान्यात नऊचे बारा. वर्तमानपत्रात छापून आलं, धंदा करणं सोपं झालं. कुणाला? ज्याच्याकडे तीन पाळ्यांची माणसं आहेत त्याला. तो रात्रभर दुकान उघडं ठेवून स्वतः घरी झोपतो. आमच्या दोस्ताला मात्र त्याच्याशी टक्कर द्यायला स्वतःच जागावं लागतं. बंदचा दिवस गेला तो आधी गरीब दुकानदाराचा गेला. त्या दिवशी त्याच्या बाजूने मोर्चा निघाला नाही. आपणही काढला नाही. आपल्याला वाटलं, दुकानदारांचा प्रश्न आहे, आपला नाही.

तर त्या हिशेबाच्या रात्री मी शहाणपणा केला. म्हटलं, "नऊला बंद कर. घरी जा. स्वतःला शिस्त लाव."

तो भडकला. "तू पाळीवाला माणूस. आठ तास झाले की सुटलास. मी नऊला शटर ओढलं तर समोरचा बारापर्यंत उघडा आहे. गिऱ्हाईक एकदा तिकडे गेलं की सकाळीसुद्धा तिकडेच जातं. माझा हप्ता तू भरणार? आणि शटर ओढलं तरी हा बंद होतो का?" असं म्हणून त्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. रात्री पावणेबाराला तीन मेसेज. दादा, उद्या सकाळी सहाला प्रिंट पाहिजे.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजकाल मोबाईलवर शहाणे सांगत असतात, वेळेचं नियोजन करा, नाही म्हणायला शिका, कामाला कुंपण घाला. च्यायला, कुंपण घालायला जमीन लागते! ज्याचं पोट गिऱ्हाईकावर आणि मान हप्त्याखाली आहे, त्याने एकट्याने 'नाही' म्हणायचं म्हणजे एकट्याने संप करायचा. एकट्याच्या संपाला गोदीत आम्ही खाडा म्हणतो. संपाने मुकादम नमतो. खाड्याने फक्त मजुरी कापली जाते.

इथेच माझं म्हणणं आहे. आपल्या धंद्याचे तास बांधणं हा शिस्तीचा प्रश्न नाही, तो संघटनेचा प्रश्न आहे. नोकराने मालकाविरुद्ध एकजूट करून आठ तास मिळवले. ज्याला मालकच नाही त्याने शेजारच्या दुकानदाराशी एकजूट केल्याशिवाय त्याला दहा तासही मिळणार नाहीत. समोरच्याचं उघडं शटर हाच त्याचा मुकादम आहे. आणि समोरच्यालाही याचं शटर दिसत असतं.

हे जमतं का? बाराबलुतेदारांतल्याच लोकांनी करून दाखवलंय. आमच्या नाक्यावरचे सलूनवाले काका सोमवारी कात्रीला हात लावत नाहीत. बापाच्या काळापासून. का विचारलं तर म्हणाले, "आम्हा सगळ्यांचं ठरलेलं आहे." कुणी एकाने उघडलं तर बाकीचे जाऊन विचारतात. आणि याच नाभिकांनी १८९० साली मुंबईत सभा घेऊन ठरवलं होतं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. धंदा त्यांचा, पैसे मिळत होते, तरी म्हणाले हे काम करणार नाही. त्यामागेही लोखंड्यांची सत्यशोधकी चळवळ होती. एकट्या न्हाव्याने असं म्हटलं असतं तर त्याला आळीतून हाकलला असता. सगळे मिळून म्हणाले म्हणून ती इतिहासात नोंद झाली.

काकांचं ऐकून आम्ही उचल खाल्ली. दोस्ताच्या गल्लीतल्या सात जणांना एकत्र बसवलं. रात्री साडेबारा वाजता, कारण त्याआधी कुणीच रिकामा नाही. ठरत होतं, सगळ्यांनी साडेनऊला बंद. तेवढ्यात अंडाभुर्जीवाला म्हणाला, "माझी गाडीच सहाला लागते, मी साडेनऊला बंद करून खाऊ काय?" बरोबर होतं त्याचं. मग घड्याळ सोडलं आणि तास धरले. ज्याने त्याने उघडल्यापासून अकरा तास, त्यापुढे नाही. आणि गुरुवारी दुपारनंतर सगळं बंद. औषधाचं दुकान तेवढं सोडलं.

दोन महिने चाललं. गिऱ्हाईक मेलं नाही. पहिले आठ दिवस कुरकुरलं, मग वेळेत यायला लागलं. दोस्ताचा धंदा थोडा घटला, फार नाही. रात्री दहानंतर एक-दोन झेरॉक्ससाठी जळणारी ट्यूबलाईट वाचली.

मग पानपट्टीवाल्याने करार मोडला. आमच्यातले दोघे-तिघे तापले, त्याचं टपरीचं सामान बाहेर काढू म्हणाले. गेलो. त्याने शांतपणे सांगितलं, "माझं भाडं रोजचं आहे. टपरीवाला रोज रात्री येतो. गुरुवारी दुपारी बंद केलं तर गुरुवारचं भाडं कशातून देऊ?" आम्ही गप्प. सामान त्याचंच होतं, टपरी त्याची नव्हती. आम्ही सातही जण टपरीच्या मालकाकडे गेलो, भाडं महिन्याचं करा म्हणालो. त्याने चहा पाजला आणि नाही म्हणाला. प्रश्न अजून तिथेच अडकलाय. पण एक कळलं. तास कुठे जातात ते कळलं. आळसात नाही, हौसेत नाही. ते भाड्यात जातात, हप्त्यात जातात. धंदेवाल्याचा मालक असतो. तो फक्त दुकानात बसत नाही.

आता एक गोष्ट लिहायला जड जातेय, पण टाळली तर हा सगळा लेख भंपक ठरेल.

माझी आई घरी मणी ओवते. इमिटेशन दागिन्यांचं काम. माल देणारा पिशवी आणून टाकतो, डझनावर पैसे देतो. त्याचं खातं बघितलं तर आई त्याची कामगार नाही. ती 'स्वतःचं काम' करते. जागा आमची, लाईट आमची, डोळे तिचे. दुपारी करते, रात्री भांडी झाल्यावर करते. मी कोपऱ्यात त्याच दिव्याखाली कविता लिहितो. श्रमाच्या कविता! आणि आजवर एकदाही विचारलं नाही, "आई, किती तास झाले गं?" हा लेख लिहायला घेतला तेव्हा विचारलं. ती म्हणाली, "तास कसले रे, हात रिकामा असला की करते." हात रिकामा कधी असतो? पाणी भरून, स्वयंपाक करून, माझे गोदीतले कपडे धुऊन मग तो रिकामा. आता माझे कपडे मी धुतो. हे सांगून मी शाबासकी मागत नाही. पंचवीस वर्षं उशीर झालाय. पण जो कुणी कामाच्या तासांवर बोलेल त्याने आधी घरातल्या बाईचे तास मोजावेत. आमच्या चाळीत अशा नऊ बाया आहेत. नवांनी एकच दर सांगितला आणि रात्रीच्या अर्जंट पिशवीला नकार दिला, तर माल देणारा दुसऱ्या चाळीत जाईल. म्हणून दुसऱ्या चाळीतही जायला हवं. हे काम पुढचं आहे.

शेवटी साहेबांच्या अठरा तासांकडे येतो. बाबासाहेब अठरा तास वाचत होते, गल्ल्यावर बसत नव्हते. त्यांनीच १९४५ च्या पुस्तकात गांधीवादाला उत्तर देताना लिहिलं की माणूस आणि जनावर यांत फरक आहे तो संस्कृतीचा, आणि राबणाऱ्याला फुरसत मिळाल्याशिवाय संस्कृती येत नाही. यंत्र हवं ते त्यासाठी. फुरसत हा वरच्यांचा चैनीचा माल नाही. आपल्याकडून ती मुद्दाम काढून घेतली गेली, कारण फुरसत असलेला माणूस वाचतो, आणि वाचणारा माणूस प्रश्न विचारतो. म्हणूनच १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघालं ते सकाळच्या वर्गांनी, नोकरी करणाऱ्या पोरांसाठी. राबणाऱ्याच्या सोयीने शाळेने आपली वेळ बदलली. आणि आपण? आपलं अभ्यासमंडळ संध्याकाळी सातला, ऐन धंद्याच्या वेळी. आणि वर आला नाही म्हणून त्याला बुर्ज्वा म्हणायचं!

म्हणून मित्रांनो, धंदा करा. जरूर करा. कुणाच्या दारात उभं राहण्यापेक्षा स्वतःच्या टपरीत बसणं केव्हाही भलं. पण महिन्याच्या शेवटी पैसे मोजता तसे तासही मोजा, आणि एकाला दुसऱ्याने भागून बघा. गल्लीतल्या माणसाशी स्पर्धा करायच्या आधी त्याच्याशी बसून बोला. २०१७ साली गेलेला बंदचा दिवस परत मागा, सगळ्यांसाठी, कायद्याने. पेटीवाल्या पोरांनाही बोलवा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना नाव दिलंय, ती २०२५ च्या नोव्हेंबरात लागूही झाली, पण त्यांचे तास त्यात कुणी बांधलेले नाहीत. आणि पुन्हा कुणी व्यासपीठावरून सांगितलं की मालकाला सुट्टी नसते, तर उठून विचारा, मग तो मालक कसला?

अभ्यासमंडळाची वेळ आम्ही बदलली आहे. गुरुवार, दुपारी चार. दोस्त गेल्या गुरुवारी आला. झोपाळलेला होता, अर्ध्यात डुलकी लागली. आम्ही उठवलं नाही. जाताना विचारून गेला, पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ कुणी करतंय का.

जय भीम.